पहाऱ्याची पट्टी

राजानें प्रजेचें रक्षण करावें आणि त्या रक्षणाच्या मोबदल्यांत उत्पन्नाचा सहावा हिस्सा घ्यावा, हा आपल्या धर्मशास्त्रकारांचा सिद्धांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याला जोडून त्यांनीं जें दुसरें कलम घातलें, तें मात्र फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. चोरीस गेलेला माल राजास परत मिळवून देतां आला नाहीं, तर त्यानें तो आपल्या भांडारांतून भरून द्यावा, असें गौतम, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य या तिघांनींही सांगितलें आहे. कर आणि रक्षण यांचा संबंध किती निकट आहे, हें यावरून दिसतेंच. पण त्याहूनही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, ज्याचें घर फुटलें त्यानें आजवर किती कर भरला होता हें आधीं पाहावें आणि मग त्या मानानें त्याची भरपाई करावी, अशी अट या नियमांत घातलेली नाहीं. कर ऐपतीप्रमाणें आणि रक्षण गरजेप्रमाणें, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. राजे त्याप्रमाणें वागत होते असा आमचा दावा नाहीं. त्यांनीं कसें वागावें याविषयीं शास्त्रकारांच्या मनांत गोंधळ नव्हता, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हा जुना विचार आज पुन्हां उकरून काढण्याचें कारण आहे. शहरांतल्या सुखवस्तु वस्त्यांतून एक मागणी वारंवार कानीं येऊं लागली आहे. सरकारी पोलीस अपुरे आहेत, गस्त नांवापुरती आहे, तक्रार नोंदवावयास गेलेल्या गृहस्थासच उलट चार प्रश्न ऐकावे लागतात. तेव्हां आमच्या वस्तीपुरती घरपट्टींत थोडी वाढ करावी, तिचा दर आमचा आम्ही ठरवूं, आणि तो पैसा आमच्याच रस्त्यांवरील पहाऱ्यावर खर्च व्हावा, अशी ही मागणी आहे. ती करणारे लोक दुष्ट नाहींत, कृपणही नाहींत. उलट अधिक पैसे देण्यास ते आपण होऊन तयार आहेत. म्हणूनच ही मागणी निरुपद्रवी दिसते, आणि म्हणूनच तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. लोभानें होणारी चूक लवकर उघडकीस येते. सद्गृहस्थांकडून सद्धेतूनें होणारी चूक पुष्कळदां कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसते.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडूं. त्याचे मुद्दे तीन आहेत. पहिला असा कीं, जो पैसा देतो त्यास त्या पैशाचा लाभ मिळावा, यांत अन्याय कोणता? दुसरा असा कीं, लहान वस्तींतील लोक एकमेकांस ओळखतात. कोणत्या बोळांत अंधार आहे, कोणत्या कोपऱ्यावर टोळकें जमतें, हें त्यांस जितकें ठाऊक असतें तितकें दूरच्या कचेरींत बसलेल्या अधिकाऱ्यास असणें शक्य नाहीं. आणि आपल्या पट्टीचा हिशेबही तेच डोळ्यांत तेल घालून पाहतील. तिसरा असा कीं, संपन्न वस्त्यांनीं आपला पहारा आपल्या खर्चानें केला म्हणजे सरकारी पोलीस मोकळे होतील आणि ते गरीब वस्त्यांच्या उपयोगी पडतील. यांपैकीं दुसरा मुद्दा बराचसा खरा आहे, पहिला अर्धा खरा आहे, आणि तिसरा, जो सर्वांत उदार दिसतो, तोच सर्वांत खोटा आहे, असें आमचें मत आहे.

ही कल्पना नवी आहे असें समजणारांनीं लंडन शहराचा इतिहास एकदां चाळावा. १७३५ सालीं वेस्टमिन्स्टरमधील सेंट जेम्स आणि हॅनोव्हर स्क्वेअरचा सेंट जॉर्ज या दोन श्रीमंत पॅरिशांनीं पार्लमेंटाकडून खास कायदा करून घेतला, आणि आपल्या हद्दींतील घरांवर पट्टी बसवून तींतून पगारी पहारेकरी ठेवण्याचा अधिकार मिळविला. त्यांचें पाहून इतर पॅरिशांनींही तसेच कायदे मागून घेतले. आमचे सुखवस्तु मित्र आज जें मागत आहेत, तें सर्व लंडनास तेव्हां मिळालें होतें: आपली हद्द, आपली पट्टी, आपला दर, आपला पहारेकरी. परिणाम काय झाला? जेथें घरें मोठीं तेथें पहारा बरा, आणि जेथें घरें लहान व चोरी अधिक तेथें पहारा नांवाचा. पहारेकऱ्याची हद्द पॅरिशच्या वेशीशीं संपे. चोराची संपत नसे. शेवटीं १८२९ सालीं रॉबर्ट पील यानें हे सर्व तुकडे एकत्र करून महानगराचें एकच पोलीस दल उभारलें, आणि त्यासाठीं सर्व पॅरिशांवर मिळून पौंडास आठ पेन्सांच्या मर्यादेपर्यंत पट्टी बसविली. खुद्द लंडन सिटी तेवढी आपलें जुनें स्वातंत्र्य राखून बाजूस राहिली.

ज्या पॅरिशांचे पहारे पूर्वीं चांगले होते, त्यांनीं यावर मोठी ओरड केली. आम्ही आतां अधिक देतों आणि आमच्या रस्त्यांवर माणसें मात्र कमी दिसतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. पण त्याचें उत्तर पट्टीचे पुन्हां तुकडे पाडून देण्यांत आलें नाहीं. १८३३ सालीं खर्चाचा चौथा हिस्सा राष्ट्राच्या खजिन्यांतून देण्याचें ठरलें. म्हणजे भार लहान वर्तुळांतून मोठ्या वर्तुळांत गेला. चौऱ्याण्णव वर्षें अनुभव घेऊन एका शहरानें जो मार्ग सोडला, तोच आज नवा शोध म्हणून आमच्यापुढें ठेवला जात आहे.

यावर अमेरिकेचें उदाहरण पुढें करण्यांत येतें. लुइझियाना संस्थानांतील न्यू ऑर्लिन्स शहरांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून अशा रक्षण-वस्त्या कायद्यानें निर्माण झाल्या, आणि आज त्यांची संख्या वीसांहून अधिक आहे. संस्थानचें विधिमंडळ वस्तीची हद्द आंखून देतें, वस्तींतील मतदार पट्टीस संमति देतात, आणि ती पट्टी मालमत्तेच्या कराबरोबर वसूल होते. यांत लोकांची संमति आहे, ही मोठी गोष्ट आहे, आणि ती आम्ही नाकारीत नाहीं. पण दर कसा आकारला जातो तें पाहा. यांतील पुष्कळ वस्त्यांत पट्टी घराच्या किमतीवर नसून जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागें सारखी असते. बागबगीच्याच्या मोठ्या वाड्यानें जेवढें द्यावयाचें तेवढेंच दोन खोल्यांच्या घरानें द्यावयाचें. बरें, या पैशानें पहारा कोण करतो? कोठें खासगी कंपनीचे लोक, तर कोठें त्याच शहराचे पोलीस शिपाई, जे आपली सरकारी पाळी संपल्यावर सरकारी गणवेशांतच भाड्यानें उभे राहतात. अमेरिकेच्या न्याय खात्यानें २०११ सालच्या आपल्या अहवालांत त्या शहरांतील भाड्याच्या पहाऱ्याच्या या पद्धतीवर कडक टीका केली, तें योग्यच झालें. दिवसा जो सर्वांचा नोकर आणि रात्रीं जो कांहींजणांचा, त्याची निष्ठा कोणत्या बाजूस झुकेल हें सांगण्यास ज्योतिषी नको.

आतां वस्ती हें या पट्टीचें योग्य परिमाण आहे काय, या मुख्य प्रश्नाकडे वळूं. या पद्धतीविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेतला जातो कीं, एका आळींत पहारा वाढला म्हणजे चोर दुसऱ्या आळींत जातो. न्यायाच्या दृष्टीनें सांगावयाचें तर हा आक्षेप सर्वत्र खरा ठरत नाहीं. या विषयाचे अभ्यासक सांगतात कीं, पहारा वाढविल्यावर गुन्हा सगळाच शेजारीं सरकतो असें नाहीं. कित्येक वेळां शेजारच्या वस्तीसही आयता लाभ होतो. पण यानें पूर्वपक्षाचें समाधान व्हावयाचें नाहीं. चोर शेजारीं गेला, तर श्रीमंत वस्तीनें आपलें संकट पैसे देऊन गरीब वस्तीच्या दारांत नेऊन टाकलें असें होईल; आणि शेजारास लाभ झाला, तर तो लाभ ज्याला मिळाला त्यानें त्याचा खर्चही सोसला पाहिजे असें होईल. हानि पसरो वा लाभ पसरो, तो वस्तीच्या वेशीशीं थांबत नाहीं एवढें निश्चित. आणि ज्याचा परिणाम शहरभर पसरतो त्याचा कर आळीपुरता बसविणें हें दोन्ही बाजूंनीं चुकीचें आहे. पहिल्या मुद्द्यास आम्ही अर्धा खरा म्हटलें तें याच कारणानें. लाभ घेणारानें पैसा द्यावा हें खरें; लाभ देणारापुरताच राहतो हें खोटें.

तिसऱ्या मुद्द्याचा खोटेपणा समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. सरकारी पोलीस सुधारावेत म्हणून आज ओरड कोण करूं शकतो? वर्तमानपत्रांत लिहिणारा, आमदारास ओळखणारा, न्यायालयांत जाण्याची ऐपत असणारा नागरिक. तोच एकदां स्वतःच्या पट्टीनें निर्धास्त झाला म्हणजे सार्वजनिक पोलिसांच्या दुरवस्थेशीं त्याचें कर्तव्य संपलें. ज्यांस साहेबांच्या दारांत उभेंही राहतां येत नाहीं, त्यांच्या एकट्याच्या ओरडीनें चौकी सुधारण्याचा संभव किती? आमच्या डोळ्यांदेखत नगरपालिकांच्या शाळांचें काय झालें तें आठवा. मध्यमवर्गाचीं मुलें ज्या दिवशीं तेथून निघालीं, त्या दिवसापासून त्या शाळांच्या गळक्या छपरांविषयीं बोलणारा आवाज क्षीण झाला. शाळेच्या बाबतींत जें घडलें तेंच चौकीच्या बाबतींत घडेल. श्रीमंतांनीं आपला पहारा वेगळा केल्यानें पोलीस गरिबांसाठीं मोकळे होत नाहींत; गरिबांविषयींच्या जबाबदारींतून सरकार मोकळें होतें.

आमच्या देशांतही पहाऱ्याची पट्टी ही कांहीं नवी वस्तु नाहीं. बंगाल प्रांतांत १८७० सालीं ग्राम-चौकीदारी कायदा झाला. गांवचा चौकीदार गांवानें पोसावा हें त्याचें तत्त्व. प्रत्येक घरवाल्याची परिस्थिति आणि रक्षण करावयाची मालमत्ता पाहून पट्टी आकारावी, असें त्यांत म्हटलें होतें. म्हणजे तत्त्व कागदावर तरी ऐपतीचें होतें. पण त्या तत्त्वास दोन ठिकाणीं भोकें पाडलेलीं होतीं. एक असें कीं, कोणाही एका इसमावर दरमहा एक रुपयाहून अधिक पट्टी बसवावयाची नाहीं. गांवांतील सर्वांत मोठ्या धनिकाची ऐपत त्या एका रुपयाशीं थबकली, आणि उरलेली रक्कम विणकर, कुंभार, शेतकरी यांच्या आण्या-दोन आण्यांतून भरून निघूं लागली. दुसरें असें कीं, दर ठरविणारी पंचायत लोकांनीं निवडलेली नव्हती. ती जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट नेमी, आणि नेमणूक नाकारणारास दंड होई! नांव पंचायतीचें, बुद्धि साहेबाची आणि पैसा रयतेचा, असा हा संसार होता. थकबाकी राहिली कीं भांडींकुंडीं जप्त.

याचें फळ काय मिळालें हें इतिहासांत नमूद आहे. १९१९ च्या कायद्यानें गांवोगांव युनियन बोर्डें स्थापून पट्टी वाढण्याचा रंग दिसतांच मेदिनीपूर जिल्ह्यांत बीरेंद्रनाथ सासमल यांच्या पुढारीपणाखालीं लोकांनीं ती देण्याचें साफ नाकारलें, आणि १९२१ सालीं सरकारला त्या जिल्ह्यांतील बोर्डें मागें घ्यावीं लागलीं. १९३० च्या कायदेभंगांत बिहारला समुद्र नसल्यामुळें मिठाचा सत्याग्रह फार काळ चालण्याजोगा नव्हता. तेथील लोकांनीं हात घातला तो चौकीदारी पट्टीस. सारण, चंपारण, मुंगेर, भागलपूर या जिल्ह्यांत ही पट्टी थांबली, आणि चार-दोन रुपयांच्या थकबाकीसाठीं शेंकडों रुपयांचा माल जप्त झाला. विचार करा: इतके कर होते, त्यांतून लोकांनीं आपल्या रक्षणाचाच कर नाकारण्यासाठीं कां निवडला? कारण चौकीदार त्यांच्या घरांवर पहारा करीत होता, पण तो त्यांच्या शत्रूपासून त्यांचें रक्षण करण्यासाठीं नव्हे, तर घरांत काय चाललें आहे हें ठाण्यावर जाऊन सांगण्यासाठीं. पगार रयतेचा आणि चाकरी सरकारची! ज्या रक्षकावर पैसा देणाराचा अधिकार नाहीं, तो रक्षक राहत नाहीं, हेर होतो.

मुंबई इलाख्यांत तर याहूनही विलक्षण प्रकार झाला. खेडा जिल्ह्याच्या बोरसद तालुक्यांत बाबर देवा वगैरे दरोडेखोरांनीं धुमाकूळ घातला होता. सरकारनें १९२३ सालीं जादा पोलीस बसविले, आणि लोक दरोडेखोरांस आश्रय देतात असें ठरवून सोळा वर्षांवरील प्रत्येक माणसावर २ रुपये ७ आण्यांची पट्टी लादली. एकंदर रक्कम सुमारें २ लाख ४० हजार रुपये. लुटले गेलेले तेच आणि दंड भरणारेही तेच! वल्लभभाई पटेल यांनीं चौकशी केली तेव्हां पोलिसांनींच एका दरोडेखोरास दुसऱ्याला पकडण्यासाठीं हाताशीं धरल्याचा आरोप पुढें आला. लोकांनीं पट्टी दिली नाहीं, स्वयंसेवकांनीं स्वतः गांवें राखलीं, आणि १९२४ च्या जानेवारींत सरकारनें पट्टी रद्द केली. येथें पट्टी घरावर नव्हती, डोक्यावर होती. आणि डोक्यावर बसविलेली पट्टी राजास व रंकास सारखी असते, म्हणजेच रंकास अनेक पटींनीं जड असते. न्यू ऑर्लिन्सची तुकड्यामागें सारखी रक्कम आणि बोरसदची डोक्यामागें सारखी रक्कम यांत हेतूचें अंतर जमीन-अस्मानाचें आहे, हें आम्ही मान्य करतों. गणिताचें अंतर मात्र मुळींच नाहीं.

महाराष्ट्रानें या बाबतींत स्वतःस निर्दोष समजूं नये. आमच्या गांवगाड्यांत वेस राखण्याचें, वाटसरूवर नजर ठेवण्याचें, चोराचा माग काढून तो पुढल्या गांवच्या हद्दीपर्यंत पोंचविण्याचें काम महार आणि रामोशी यांनीं केलें. पेशवाईच्या पाडावानंतर एल्फिन्स्टन यानें या व्यवस्थेचें जें वर्णन लिहून ठेवलें, त्यांत तिची कार्यक्षमता चांगली दिसते. पण तिची किंमत कोणीं मोजली? जो सर्व गांवाची वेस राखी त्याचें घर वेशीबाहेर होतें, आणि त्याची मजुरी कांहीं वतनी जमीन व दारोदार मागितलेली भाकर एवढीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे मंडळांत महार वतनाविषयींचें बिल आणलें, तें या हिशेबाचा जाब विचारण्यासाठींच. वतन कायद्यानें जाण्यास पुढें १९५८ साल उजाडावें लागलें. पुरंदरच्या रामोशांचे हक्क नव्या राज्यांत गेले तेव्हां त्यांतून उमाजी नाईक उभा राहिला, आणि १८३२ सालीं त्यास पुण्यास फांशी झाली. रक्षकाची मजुरी बुडविली कीं राज्यास काय भोगावें लागतें, याचा याहून बोलका पुरावा नको.

आणि आज? आजच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर जो रक्षक बारा-बारा तास उभा असतो, त्याची स्थिति तपासून पाहा. त्याच्यासाठीं महाराष्ट्रांत १९८१ चा कायदा आहे, मंडळें आहेत, २००५ चा केंद्रीय कायदा आहे. तरी कंत्राटदाराकडून स्वस्तांत स्वस्त माणूस आणण्याची धडपड संस्थांच्या सभांतून चाललेलीच असते. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पहाऱ्याचा खर्च सेवाशुल्कांत मोडतो आणि तें प्रत्येक सदनिकेस सारखें असतें. येथेंही लहान घर आणि मोठें घर एकाच मापानें मोजलें जातें. पण मुख्य गोष्ट ती नव्हे. तो रक्षक रात्रपाळीस निघतो तेव्हां त्याचीं बायकामुलें ज्या वस्तींत निजलेलीं असतात, त्या वस्तीची पट्टी कोण देणार आहे? तेथें बोळांतला दिवा कित्येक महिने बंद असतो, शौचालय घरापासून दूर असतें, आणि रात्रीं तेथें जातांना आईला मुलीसोबत जावें लागतें. वस्तीनें वस्तीपुरता दर ठरवावा हें तत्त्व एकदां मान्य केलें, कीं या वस्तीनें आपला दर ठरवावयाचा तो कशावर? पत्र्याच्या भिंतींवर? ज्या माणसाच्या जागरणावर शहराची झोंप उभी आहे, त्याच्याच घरास पहारा नाहीं, आणि तो नसण्याचें कारण त्याचें घर स्वस्त आहे हें. अशी ही व्यवस्था आहे. तिला स्थानिक स्वराज्य म्हणणें ही स्वराज्य या शब्दाची विटंबना आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, लहान घरांवर तर आजच घरपट्टी नाहीं. मुंबईंत २०२२ सालापासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ता-करांतून माफी मिळाली. मग जे देत नाहींत त्यांनीं मागावें तरी कां? या प्रश्नांत दोन गैरसमज आहेत. घरपट्टी न भरणारा मनुष्य कर भरतच नाहीं, हा पहिला. तो साबणावर कर देतो, चपलांवर देतो, औषधावर देतो. आणि भाड्याच्या घरांत राहत असेल तर मालकाची घरपट्टीही भाड्याच्या रूपानें बहुधा तोच देतो. दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. कर ही किंमत आहे आणि रक्षण हा माल आहे, असें या प्रश्नकर्त्यानें गृहीत धरलेलें आहे. आग लागली असतां बंबवाला आधीं पावती पाहत नाहीं. आणि पाहूं लागला, तर न जळलेलीं घरेंही फार दिवस सुरक्षित राहणार नाहींत. जें आगीचें तेंच चोरीचें.

मग दर ठरवावा कसा? केवळ खंडन करून आम्हांस थांबावयाचें नाहीं. इंग्लंडमध्यें पोलिसांच्या खर्चाचा एक हिस्सा आजही घरांवरील करांतून येतो, आणि २०१२ पासून बहुतेक ठिकाणीं त्याचा दर लोकांनीं निवडलेला पोलीस आयुक्त सुचवितो. मर्यादेबाहेर वाढ करावयाची तर त्यास लोकांचें मत घ्यावें लागतें. बेडफर्डशायरमध्यें २०१५ सालीं शंभर शिपाई वाढविण्यासाठीं १५.८ टक्के वाढ सुचविली गेली, आणि शेंकडा सुमारें सत्तर मतदारांनीं ती फेटाळली. तो निर्णय शहाणपणाचा होता कीं नव्हता, या वादांत आम्ही पडत नाहीं. पैसा देणारांस 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार होता, आणि तो त्यांनीं एका आळीपुरता नव्हे तर सगळ्या परगण्यासाठीं वापरला, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. बिहारच्या शेतकऱ्यास तेंच 'नाहीं' म्हणण्यासाठीं जप्ती सोसावी लागली होती.

परंतु त्याच इंग्लंडच्या आकारणींत एक दोष आहे, तो आम्हीं उचलतां कामा नये. तेथील घरें १९९१ सालच्या किमतींवरून आठ वर्गांत वांटलेलीं आहेत, आणि इंग्लंडांत ही वर्गवारी त्यानंतर नव्यानें झालेली नाहीं. सर्वांत खालचा वर्ग ४०,००० पौंडांपर्यंतच्या घरांचा आणि सर्वांत वरचा ३,२०,००० पौंडांवरील घरांचा. म्हणजे वरच्या वर्गांतील घराची किंमत खालच्याच्या निदान आठपट. कर मात्र तिप्पट. बंगालच्या कायद्यांतला एक रुपयाचा बांध तो हाच. फक्त तो आतां चांगल्या कागदावर छापलेला आहे. दर ठरवितांना श्रीमंताच्या ऐपतीस वरून झांकण घालण्याची ही युक्ति देशोदेशीं सारखीच आढळते, आणि तिच्यावर नजर ठेवणें हें करदात्या सामान्य माणसाचें पहिलें काम आहे.

तात्पर्य, आमच्या मतें या पट्टीस चार अटी असाव्यात. ती सगळ्या शहरावर एकदम बसावी, आळीआळीवर वेगवेगळी नव्हे. ती मालमत्तेच्या चालू किमतीवर बसावी, तिला वरून झांकण नसावें, आणि लहान घरास माफी असावी. तिचा खर्च जेथें धोका अधिक तेथें अधिक व्हावा, जेथें भरणा अधिक तेथें नव्हे. आणि दर ठरविणारे व पैसा खर्च करणारे लोकांनीं निवडलेले, लोकांस जाब देणारे असावेत. दुसऱ्या मुद्द्यांत जें सत्य होतें, म्हणजे वस्तीचें ज्ञान वस्तीसच असतें हें, त्यास येथें पूर्ण जागा आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. कोठें दिवा हवा, कोठें गस्त हवी, कोणता रक्षक झोंपतो, हें त्या समित्यांनीं सांगावें आणि हिशेबही त्यांनींच तपासावा. ज्ञान वस्तीचें असावें, देखरेख वस्तीची असावी. थैली मात्र शहराची असावी.

एक धोक्याची सूचना देऊन हा लेख पुरा करतों. आपल्या राज्यघटनेप्रमाणें पोलीस हा राज्य सरकारचा विषय आहे. नगरपालिकेची त्यांच्यावर सत्ता नाहीं. मुंबईच्या पालिकेनें एके काळीं पोलिसांच्या खर्चाचा भार वर्षानुवर्षें वाहिला, आणि त्या पोलिसांवर तिचा कांहीं अधिकार मात्र नव्हता. फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या सभासदांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. शेवटीं १९०७ च्या कायद्यानें पोलिसांचा खर्च सरकारनें आपल्याकडे घेतला, आणि मोबदल्यांत प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय साह्य यांचा भार पालिकेकडे आला. शाळा आणि दवाखाने शहरानें चालवावे, पोलीस सरकारनें पोसावे, ही वांटणी तेव्हां भांडून मिळविलेली आहे. आज वस्तीच्या पहाऱ्यासाठीं घरपट्टीवर नवी पट्टी मागणारे सद्गृहस्थ नकळत सरकारास असें सुचवीत आहेत कीं, तुम्ही घेतलेली जबाबदारी आम्ही परत घेतों, तीही अधिकारावांचून आणि फक्त आमच्यापुरती. असली देणगी कोणतें सरकार नाकारील?

ही देणगी देऊं नये. पोलीस कमी असतील तर ते वाढवा असें राज्य सरकारास सर्व शहरानें एका तोंडानें सांगावें. दिवे, मोकळीं मैदानें, शौचालयें आणि सार्वजनिक जागांचे रक्षक हें पालिकेचें काम पालिकेकडून, सर्वांच्या घरपट्टींतून, करून घ्यावें. आणि तरीही पैसा अपुरा पडला तर जिची भिंत उंच आहे त्या इमारतीनें अधिक द्यावा. ती भिंत आजवर ज्यानें राखली, त्याच्या बोळांत दिवा लागावा यासाठीं.